पोटाखालच्या तेवीस गाठी

शनिवारी संध्याकाळी सोनलने फोटो काढायला कोकोला उचललं आणि तिची बोटं त्याच्या पोटाखालच्या केसांत अडकली. ओढली तर निघेनात. कोको केकाटला. सोनलने त्याला खाटेवर उताणं केलं आणि तीही जवळजवळ तशीच ओरडली.

"बाबा! इकडे या जरा!"

कोको हा लांब केसांचा डॅशहाउंड. लांबी भरपूर, उंची नावाला. पाय इतके आखूड की पोट जमिनीपासून चार बोटं वर. रंग नारळाच्या शेंडीचा, कान दोन वेण्यांसारखे लोंबते, शेपूट चवरीसारखी. कोको हे नाव सोनलने ठेवलं होतं. तिचा सासरा देवजी त्याला बोंबील म्हणायचा. का, तर लांबडा आहे, मऊ आहे आणि हातात धरला की सुळकन निसटतो.

देवजी आला. चष्मा लावून वाकला. वरून कुत्रा आरशासारखा चमकत होता. खालून मात्र पोट, काखा, मांड्या, सगळीकडे केसांचे घट्ट गोळे झाले होते. एकेका गोळ्याच्या पोटात गवताची कुसळं आणि आघाड्याचं बी.

"रोज विंचरता ना तुम्ही?" सोनलने विचारलं.

"रोज."

"मग हे?"

देवजीने चष्मा कपाळावर सरकवला. उत्तर त्याला ठाऊक होतं. तो रोज विंचरायचा तो पाठ. जेवढी दिसते तेवढी.

ही गोष्ट दुसऱ्या कुणाची असती तर देवजीने त्याला सोडलं नसतं. अठ्ठावीस वर्षं तो तळोज्याच्या एका कारखान्यात बफिंगच्या चाकावर उभा होता. स्टीलचे नळ, मुठी, कड्या चाकावर धरून चमकवायच्या. नवा माणूस आला की देवजी त्याने केलेला नळ हातात घ्यायचा, वरच्या चकाकीकडे बघायचाही नाही, अंगठा थेट आतल्या कडेवरून फिरवायचा. कड खरखरीत लागली की नळ परत. "दिसतो तो भाग कोनीपन चमकवतो," असं म्हणायचा. माणसं त्याला पाठीमागे अंगठेबहाद्दर म्हणत. समोर म्हणायची हिंमत नव्हती. आणि आता निवृत्तीच्या सहाव्या वर्षी, घरच्याच कुत्र्याची आतली कड त्याने तपासली नव्हती.

सोनलने गोळ्यांचे फोटो काढून एका व्हॅनवालीला पाठवले. ही बाई दारात गाडी घेऊन येते आणि गाडीतच कुत्र्यांची अंघोळ-कटिंग करते. पाच मिनिटांत उत्तर आलं. सोनलने ते मोठ्याने वाचलं. "गाठी सुटणार नाहीत. मशीनने कातडीपर्यंत काढावं लागेल, पूर्ण अंग. केस परत यायला वर्ष जाईल. उद्या चार वाजता येते."

"पूर्ण अंग?" देवजी म्हणाला.

"पूर्ण."

"सोललेला बोंबील," आतून त्याची बायको सुमित्राबाई म्हणाली आणि स्वतःच हसली. दुसरं कुणी हसलं नाही.

"मला उद्या चारपर्यंत वेळ दे," देवजी सुनेला म्हणाला. "मी सोडवतो."

सोनल मोरा बंदराकडची. घरात बोलायची कमी, बोलली की सरळ. "देते. पण नाही सुटल्या तर व्हॅनवाली मशीन चालवणार. आणि त्यानंतर कोकोला तुम्ही फिरवा, भरवा, काय ते करा, पण कंगवा नाही लावायचा. दर महिन्याला तीच येईल. चालेल?"

देवजीने मान हलवली. चालणार नव्हतं. निवृत्त झाल्यापासून त्याच्या हातांना एवढंच एक काम उरलं होतं. जमीन औद्योगिक वसाहतीत गेली होती, घराचं भाडं मुलगा केतन बघायचा, बाजारहाट सुमित्राबाई करायची, ती देवजीला पिशवीसुद्धा धरू द्यायची नाही. सकाळी नऊ ते साडेनऊ कोकोला विंचरायचं, या अर्ध्या तासासाठी तो दाढी करायचा.

रविवारी केतन ड्युटीवर गेला. सोनल नऊला स्कूटरवरून माहेरी निघाली. जाताना म्हणाली, "चारला येते. व्हॅन पण चारला."

नऊ वाजून पाच मिनिटांनी देवजीने ओट्यावर गोणपाट अंथरलं. स्टीलचा कंगवा, एक रुंद दातांचा कंगवा, दोन टॉवेल, चष्मा. मग कुत्र्याला उचललं. एक हात छातीखाली, एक मागच्या मांड्यांखाली. लांब पाइप उचलायचा तर दोन्हीकडे आधार लागतो, नाहीतर मध्ये वाकतो. हे त्याला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

पहिल्या गोळ्यात कंगवा घातला आणि ओढला. कोकोने कंगव्याचा चावा घेतला, गोणपाटावरून उडी मारली आणि ओट्याखाली गेला. ओट्याखालची फट एक वीत. कोको त्यात मावत होता, देवजी मावत नव्हता. पोटावर झोपून त्याने हात घातला.

"ये बोंबला. ये रे राजा."

बोंबील येईना.

तळमजल्यावर भाड्याने राहणारा जोतीराम माण तालुक्यातला. रविवारी तो दारात बसून दात घासायचा, आणि घासून झाले तरी बसायचा. "शेठ," तो म्हणाला, "आमच्याकडं एवढी माया मेंढरालापन करत न्हाईत. कातर घ्या, भादरून टाका की."

"तू तुझी मिशी भादर."

"माझ्या मिशीत गाठी न्हाईत."

देवजीने सुमित्राबाईकडून मूठभर सोडे, म्हणजे सोलून वाळवलेली कोलंबी, मागून आणले. एक सोडा फटीपाशी धरला. आधी नाक आलं, मग कान, मग बराच वेळ बाकीचा कुत्रा येत राहिला. एका गाठीला एक सोडा, हा करार तिथेच ठरला आणि कोकोने तो दिवसभर पाळला. 

आता कंगवा बाजूला ठेवून देवजी नुसता बघत बसला. पाच मिनिटं. कामाला हात लावण्याआधी पाच मिनिटं बघायचं ही त्याची सवय. बघता बघता त्याला बापाचं जाळं आठवलं. बाप खाडीत पाग टाकायचा. जाळं घरी आलं की त्यात काटे, शेवाळ, खेकड्यांच्या नांग्या, सगळा गुंता. तो सोडवायचं काम देवजीचं. बापाचे नियम दोन. ओल्या जाळ्याला हात लावायचा नाही, गाठ पाण्यात आवळते. आणि गुंता टोकाकडून सोडवायचा, बुडाकडून ओढायचा नाही.

तर गाठ कोरडी हवी आणि निसरडी हवी. तेल लावलं तर धूळ धरेल. निसरडं आणि कोरडं असं घरात काय असतं? देवजी स्वयंपाकघरात गेला आणि डब्यातून वाटीभर तांदळाचं पीठ घेऊन आला. भाकरीचं, बारीक दळलेलं.

"कुनाला भाकरी?" सुमित्राबाईने विचारलं.

"बोंबलाला."

तिला वाटलं खायला. ती पुन्हा कामाला लागली.

चिमूटभर पीठ गोळ्यात चोळलं. दोन बोटांनी गोळा बुडाशी धरला, म्हणजे कातडी ओढली जाणार नाही. दुसऱ्या हाताने टोकाचे चार केस सुटे केले. मग पुढचे चार. पीठ आत गेलं तसे केस एकमेकांवरून सरकायला लागले. कुसळ निघालं. दुसरं निघालं. बारा मिनिटांनी पहिला गोळा मोकळा झाला आणि त्यातून कंगवा न अडकता खाली आला.

"सुटला रे!" देवजी ओरडला.

कोकोने सोडा खाल्ला. देवजीने सगळे गोळे मोजले. तेवीस. एक झाला, बावीस राहिले. बारा मिनिटांच्या हिशेबाने साडेचार तास. वेळ पुरत होता.

त्या सकाळी नावडे गावात ओट्यासमोरून गेलेला प्रत्येक माणूस थांबला. उताणा कुत्रा, चार पाय वर, अंगावर पिठाची पुटं, आणि त्याच्यावर वाकलेला पिठाने पांढऱ्या मिशीचा देवजी. जोतीराम खुर्ची पुढे ओढून बसला आणि मोठ्याने आकडे सांगू लागला. "सात! शेठ, सातवी गेली!" दूधवाला येता येता विचारून गेला, "किती झाल्या?" परत जाताना पुन्हा विचारून गेला. अकराव्या गाठीपर्यंत हात बसला आणि बाराच्या जागी नऊ मिनिटं लागू लागली. तेराव्या गाठीला कोको घोरायला लागला. देवजी त्याच्या नाकाशी सोडा धरायचा, कोको डोळे मिटूनच खायचा आणि पुन्हा घोरायचा.

एक वाजता एकोणीस गाठी मोकळ्या झाल्या होत्या. चार राहिल्या. दोन काखेत, एक उजव्या कानामागे, एक मांडीच्या आतल्या बाजूला. देवजीला इतका आनंद झाला की तो उठून उभा राहिला आणि जागच्या जागी दोन पावलं नाचला. गुडघा कटकन वाजला. जोतीरामने टाळ्या वाजवल्या.

तीन तास हाताशी होते. आणि इथे देवजी चुकला.

त्याला वाटलं, कुत्रा आधी धुऊन घेऊ. सोनल येईल तेव्हा कसा, कारखान्यातून निघालेल्या नळासारखा दिसला पाहिजे. चार गाठी काय, धुतल्यावर सोडवू. बाथरूममध्ये गिझरचं कोमट पाणी बादलीत काढलं, कोकोला मोरीत उभं केलं आणि तांब्या ओतला. नुसतं उभं केलं. आधी पीठ झाडलं नाही.

वाटीभर म्हणून आणलेलं पीठ सकाळपासून तीन वाट्या झालं होतं. ते सगळं त्या क्षणी भिजलं. देवजीने चोळलं. जितकं चोळलं तितकं चिकट झालं. त्याने आणखी गरम पाणी घेतलं. पीठ केसांना धरून बसलं, पांढरं, जाड, ओघळणारं. कोकोने अंग झाडलं आणि भिंतीवर, आरशावर, देवजीच्या चष्म्यावर ठिपके उठले.

"सुमे!" देवजीने हाक मारली. चाळीस वर्षांच्या संसारात अशी हाक त्याने दोनदा मारली असेल.

सुमित्राबाई आली. दारात उभी राहिली. कुत्र्याकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं, मग पुन्हा कुत्र्याकडे.

"अवो," ती म्हणाली, "ह्यो तं घावन हाय."

आणि ती दाराची चौकट धरून खाली बसली. हसता हसता तिचा श्वास अडकला. कोकोलाही वाटलं काहीतरी चांगलं चाललंय. तो शेपूट हलवायला लागला आणि शेपटीतून पिठाचे शिंतोडे तिच्या साडीवर.

"हसतेस काय! चारला व्हॅन येतंय! ती मशीन लावंल!"

सुमित्राबाईने पदराने डोळे पुसले. "गरम पानी कोनी घालाया सांगितला? घावनाचा टोप मी कवा गरम पान्यानं धुतलाय?"

"मना काय ठाऊक तू टोप कसा धुतेस?"

"तेच तं. चाळीस वर्सं जेवतंव, टोप कवा धुतलाव?"

देवजीने तांब्या खाली ठेवला.

"थंड पानी," ती म्हणाली. "भिजत ठेवाचा. हात नाय लावाचा. पीठ आपोआप खाली बसतंय. वरचा पानी वतून द्याचा, परत थंड. तीन येला."

गच्चीवर मोठं घमेलं होतं. त्यात थंड पाणी भरलं आणि कोकोला त्यात बसवलं. घमेलं गोल, कोको लांब. शेपूट बाहेर राहिली, ती वेगळ्या टोपात ठेवावी लागली. टोप सुमित्राबाईने धरला. ऑक्टोबरचं ऊन टळटळत होतं आणि थंड पाण्यात बसल्याबरोबर कोकोच्या चेहऱ्यावर असं सुख पसरलं की तो डोळे मिटून हनुवटी काठावर टेकवून बसला.

जोतीराम वर बघायला आलाच. "आरं तिच्या मारी! म्हस बसलीय की डबक्यात!"

"हात लावू नको," देवजी म्हणाला. "पीठ खाली बसतंय."

तिघं जण घमेल्याभोवती उकिडवे बसले आणि पीठ खाली बसायची वाट बघू लागले. देवजीला दम निघेना. त्याने दोनदा हात पुढे केला आणि दोनदा सुमित्राबाईने त्यावर चापट मारली. पहिलं पाणी दुधासारखं निघालं, दुसरं ताकासारखं. तिसऱ्या पाण्यात घमेल्याचा तळ दिसला. दोन वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

टॉवेलने चोळायचं नाही, दाबायचं. चोळलं तर नव्या गाठी. हा शोध देवजीला दोन केस एकमेकांत अडकल्यावर लागला. मग ऊन, मग सोनलचं केस वाळवायचं यंत्र, थंड हवेवर. केस वाळतील तसा कंगवा, टोकाकडून. एकोणीस जागा होत्या तशा मोकळ्या राहिल्या. पण उरलेल्या चार गाठी पाण्याने आवळून सुपारीएवढ्या झाल्या होत्या. बापाचा नियम देवजीने सकाळी आठवला होता आणि दुपारी मोडला होता. त्याने एकीला हात घातला. कोको कळवळला. देवजीने हात काढून घेतला. मांडीच्या आतली कातडी इतकी पातळ की खालची निळी शीर दिसत होती. तिथे जोर करायचा नाही.

पावणेचारला खाली हॉर्न वाजला.

"आली!" सुमित्राबाई म्हणाली.

कोकोला हॉर्न म्हणजे केतन. तो टॉवेलसकट निघाला. जिना तीन मजले, पाय आखूड, पण उतार होता. देवजी मागे, सुमित्राबाई मागे, जोतीराम सगळ्यांच्या मागे "धरा! धरा!" करत. कोको ओट्यावरून उडाला, व्हॅन बघितली, केतन नाही हे बघितलं आणि सरळ व्हॅनच्या खाली शिरला.

व्हॅनमधून काळ्या ॲप्रनमधली एक मुलगी उतरली. प्रियदर्शिनी, असं ॲप्रनवर लिहिलं होतं. पाठोपाठ सोनलची स्कूटर आली. तिला दिसलं ते असं: रस्त्यावर व्हॅन, व्हॅनच्या एका बाजूला पोटावर झोपलेले सासरे, दुसऱ्या बाजूला पोटावर झोपलेला भाडेकरू, आणि चाकापाशी हातात सोडा धरून बसलेली सासू.

"कोको कुठंय?"

तिघांनी एकदम खाली बोट दाखवलं.

सोडा सातव्या मिनिटाला लागू पडला. प्रियदर्शिनीने कोकोला गाडीतल्या टेबलावर घेतलं. एक हात छातीखाली, एक मागे. देवजीने ते बघितलं आणि त्याला ती मुलगी थोडी आवडली. मशीन हुकला टांगलेलं होतं. ते मात्र आवडलं नाही.

"काका, गाठी कुठायत?"

देवजीने तिला कंगवा लावू दिला नाही. आधी स्वतः बोलला. "तेवीस होत्या. एकोनीस सुटल्या. चार हायेत. दोन काखेत, एक कानामागं, एक मांडीत. त्या माझ्या चुकीनं आवळल्या. मी पीठ न झाडता पानी घातला."

"पीठ?"

"तांदळाचा."

प्रियदर्शिनीने सोनलकडे बघितलं. सोनलने खांदे उडवले. मग प्रियदर्शिनीने कंगवा घेतला आणि पाठीकडे न बघता थेट पोटाखाली घातला. देवजी कंगव्याकडे बघत राहिला. कारखान्यात त्याचा अंगठा फिरायचा तेव्हा समोरच्या पोरांना काय वाटत असेल, हे त्याला आज कळलं. कंगवा पोटाखालून पुढे गेला. थांबला नाही. छातीवरून, बरगडीवरून, मांडीच्या झालरीतून. परत उलटा. कुठे अडकला नाही. मग ती चारही गाठींपाशी गेली, प्रत्येकीवर बोट ठेवून थांबली.

"किती वेळ लागला, काका?"

"सात तास. त्यातले तीन चुकीचे."

"मला एका कुत्र्याला सात तास देता येत नाहीत. म्हणून मी मशीन लावते," ती म्हणाली. "इथे लावायची गरज नाही. या चार गाठी कात्रीने काढते. चार छोटे खड्डे दिसतील. महिन्याभरात भरतील."

कात्री चार वेळा वाजली. कोको टेबलावर बसून जोतीरामच्या हातातल्या शेवटच्या सोड्याकडे बघत होता.

व्हॅन गेली. सोनल ओट्यावर आली, कोकोला गोणपाटावर ठेवलं, उताणं केलं आणि स्वतः पुन्हा एकदा सगळीकडून बोटं फिरवली. देवजी उभा होता. तिने अजून काही सांगितलं नव्हतं.

"काखेत टक्कल पडलंय," ती म्हणाली.

"पडलंय."

"बाथरूममध्ये काय झालंय ते आईंनी सांगितलं मला."

"मी धुतो."

"ते तर धुवालच." तिने स्टीलचा कंगवा उचलला आणि त्याच्या हातात दिला. "उद्यापासून पोटाकडून सुरुवात. पाठ शेवटी. आणि दर रविवारी मी तपासणार. अंगठ्याने."

"रोज तपास," देवजी म्हणाला. 

त्याने लगेच खुर्ची ओढली. शेपूट अजून नीट वाळली नव्हती, टोकाला दोन-चार केस वळले होते. तेवढं आजच करायला हवं होतं. आतून सुमित्राबाईने हाक मारली, "अवो, जेवाला या. सकालपास्नं पोटात काय नाय."

"शेपटी झाली की येतो."

"शेपटी काय पलून जातंय?"

देवजी हसला, चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि कंगवा धरून वाकला. गोणपाट रिकामं होतं. आत ताट ठेवल्याचा आवाज झाला होता, आणि शेपटी उंबऱ्यावरून आत जाताना त्याला शेवटची दिसली, सुटी, उभी, आणि इतकी हलणारी की कंगवा लावायला ती तशीही थांबली नसती.